वाड्यात जागा आहे, सही नाही

गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावरून 5 जानेवारी 2023 रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा पेडणे तालुक्यातल्या जमिनीचे भाव आधीच हवेत होते. धारगळपासून मांद्र्यापर्यंत रस्त्याकडेला फलक लागले: प्लॉट, व्हिला, विमानतळ हाकेच्या अंतरावर. त्याआधीचा पेडणे कसा होता, ते जनगणना सांगते. 2001 मध्ये तालुक्याची लोकसंख्या सुमारे 72 हजार होती. 2011 मध्ये ती 75 हजार 747 झाली. दहा वर्षांत चार हजारांचीही भर नाही. शेजारचा डिचोली तालुका याच काळात 91 हजारांच्या आगेमागे होता तो 98 हजारांपर्यंत गेला. एवढ्या माणसांना छप्पर द्यायला कुणाला डोंगर कापावा लागला नसता.

तरीही घर मिळत नाही, ही तक्रार दोन्ही तालुक्यांत खरी आहे. हरमलच्या हॉटेलात काम करणारा, तुयेला बदली होऊन आलेली नर्स, धारगळच्या आयुर्वेद संस्थेत रुजू झालेला कर्मचारी, कोरगावात लग्न करून वेगळी चूल मांडू पाहणारा धाकटा भाऊ: यांपैकी कुणालाही बारा महिन्यांच्या भाड्याने दोन खोल्या शोधायला सांगाव्यात. किनारपट्टीत ऑक्टोबर ते मे खोली पर्यटकाची असते आणि पावसाळ्यात तिला कुलूप असते. आणि हे सगळे अशा राज्यात, जिथे 2011 च्या जनगणनेत सुमारे सव्वा लाख घरे रिकामी आढळली होती, म्हणजे पाचांतले एक घर बंद. तेव्हा गोव्यात घरे कमी आहेत का, हा प्रश्न तसा विचारून उपयोग नाही. कुणासाठी कमी आहेत, असे विचारावे लागते.

यावर उपाय दोन सांगितले जातात. पहिला म्हणजे वस्तीबाहेरची जमीन, काजूची भाटे, उतार, माळ, सेटलमेंटमध्ये, म्हणजे बांधकामाची मुभा असलेल्या झोनमध्ये, घालून तिथे बांधणे. दुसरा म्हणजे जिथे रस्ता, वीज, नळ आणि शेजार आधीच आहे, त्या जुन्या वाड्यांतल्या आणि बाजारपेठांतल्या रिकाम्या व पडक्या जागा भरणे, आणि तिथे एका घराऐवजी चार-सहा बिऱ्हाडांची छोटी इमारत उभी राहू देणे. नगरनियोजनवाले याला इनफिल म्हणतात. गेली वीस वर्षे गोव्यातली भांडणे पहिल्या उपायावर झाली. दुसऱ्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही.

भांडणांचा इतिहास थोडक्यात असा. प्रादेशिक आराखडा 2011 ऑगस्ट 2006 मध्ये अधिसूचित झाला आणि त्यातली भूरूपांतरे पाहून लोक रस्त्यावर आले. गोवा बचाव अभियानाच्या आंदोलनानंतर जानेवारी 2007 मध्ये प्रतापसिंह राणे यांच्या सरकारला तो रद्द करावा लागला. मग वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा सहभाग असलेल्या कृतिदलाने प्रादेशिक आराखडा 2021 तयार केला. गावांचे व्हीपी-1 आणि व्हीपी-2 असे वर्ग, शेती-खाजन-जंगल ईको-1 मध्ये, भाटे आणि उतार ईको-2 मध्ये, अशी त्याची मांडणी. हा आराखडा 2012 मध्ये बासनात गेला, 2018 मध्ये बाहेर आला. तेवढ्यात नगरनियोजन कायद्यात नवी कलमे घालण्याचा सपाटा सुरू झाला: 2018 मध्ये 16-ब, 2023 मध्ये 17(2), 2024 मध्ये 39-अ. भाषा प्रत्येक वेळी वेगळी, परिणाम एकच: आराखडा तसाच ठेवून त्यातला एकेक सर्व्हे नंबर बदलता यावा. 17(2) खाली 'चुकांची दुरुस्ती' म्हणून लाखो चौरस मीटर जमिनीचा रंग बदलला. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाचे नियम रद्दबातल ठरवले आणि कलमाला मर्यादा घातली.

पेडण्याची पाळी 2023 मध्ये आली. नगरनियोजन खात्याने अख्ख्या तालुक्यासाठी झोनिंग प्लॅनचा मसुदा जाहीर केला. गावोगावी नकाशे पाहिले गेले आणि काल जिथे काजू होता तिथे आज सेटलमेंट दिसले. ग्रामसभा तापल्या, तालुक्यातल्या आमदारांनीही हात वर केले आणि काही आठवड्यांतच मसुदा मागे घेतला गेला. मंत्री होते विश्वजित राणे. 2007 मध्ये आराखडा रद्द करणाऱ्या मुख्यमंत्र्यांचे चिरंजीव. गोव्याच्या राजकारणात असे योगायोग कुणी मुद्दाम घडवून आणावे लागत नाहीत.

मसुदा गेला ते बरे झाले. पण त्याच्यासोबत एक प्रश्नही गेला: आज जी जमीन सेटलमेंटमध्ये आहे तिच्यात अजून किती घरे बसतात? त्याचा हिशेब ना खात्याने मांडला, ना विरोधकांनी मागितला.

हिशेब अवघड नाही. गोव्याच्या 2010 च्या बांधकाम नियमांप्रमाणे व्हीपी-2 गावात एफएआर, म्हणजे जागेच्या मानाने किती बांधता येते त्याचे शेकडा प्रमाण, 60 आहे, व्हीपी-1 मध्ये 80 आणि शहरी एस-1 झोनमध्ये 100. कोरगाव किंवा पार्सेसारख्या गावात वाड्याच्या मध्यावर 400 चौरस मीटरचा एक तुकडा आहे असे धरू. गाव व्हीपी-2 मध्ये असेल तर त्यावर 240 चौरस मीटर बांधकाम होते. म्हणजे साठ चौरस मीटरची चार घरे, दोन खाली, दोन वर. जिना आणि भिंती वजा केल्या तर घरे थोडी आखडतील, तरी चार राहतील. हाच तुकडा डिचोली शहरात एस-1 मध्ये असेल तर 400 चौरस मीटर, म्हणजे पाच-सहा घरे. उंची तळमजला आणि वर एक किंवा दोन मजले. माडांच्या वर काही जात नाही. झोन बदलावा लागत नाही, एफएआर वाढवावा लागत नाही. आजच्या नियमांतच हे बसते.

मग होत का नाही? एक कारण नियमांतच दडलेले आहे, आणि ते एफएआरचे नाही. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या जुन्या बाजारपेठेत घरे भिंतीला भिंत लावून आहेत: पुढे दुकान, वर माडी, मागे लांबट परसू आणि विहीर. असे घर पडले आणि मालक नवे बांधायला गेला की त्याला चारी बाजूंनी जागा सोडायला सांगतात. सहा-सात मीटर रुंदीच्या तुकड्यातून दोन्हीकडचे सेटबॅक वजा केल्यावर एक खोलीही धड उरत नाही. गावांत बिऱ्हाडांची संख्या वाढली की रस्त्याच्या रुंदीची अट आडवी येते, आणि जुन्या वाड्यांतले रस्ते बैलगाडीच्या मापाचे. मोटारीसाठी जागा दाखवायची ती वेगळीच. महाराष्ट्रात 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत गावठाण आणि दाट वस्तीसाठी सेटबॅकचे वेगळे, सैल नियम आहेत. गोव्यातल्या जुन्या बाजारपेठांना तशा सोयीची गरज आहे. नाहीतर मालक पडके घर पडके ठेवतो आणि मुलासाठी शहराबाहेर प्लॉट घेतो, हे रोज दिसते.

दुसरे कारण खोल आहे: सही.

पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी. पोर्तुगीज अमलाखाली आल्या त्या अठराव्या शतकाच्या अखेरीस. बार्देश-सासष्टीत कोमुनिदादी, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्था, जशा बळकट होत्या तशा इथे नव्हत्या. जमीन मोठ्या घराण्यांकडे आणि देवस्थानांकडे राहिली. पेडण्यात देशप्रभू घराण्याचे नाव आजही जमिनीच्या प्रत्येक गोष्टीत निघते. राबणारी माणसे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत मुंडकार म्हणून घर करून राहिली. 1975 च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्यांना हुसकावण्यापासून वाचवले आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला. पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत, पालिका क्षेत्रात 200. कायदा चांगला, पण तो मामलेदाराच्या टेबलावरून पुढे सरकायला पिढी जाते. तोवर मुंडकाराला घर शाकारता येते, भिंत नव्याने घालता येते. दोन मुलांसाठी वर माडी चढवून दोन स्वतंत्र बिऱ्हाडे करायची म्हटली की पंचायत जमिनीचे कागद मागते, आणि कागदावर भाटकार असतो.

जिथे भाटकार नाही तिथे भाऊबंद आहेत. पोर्तुगीज नागरी संहितेने मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. मालमत्तेत पती-पत्नी निम्मे-निम्मे आणि मुलांना समान वाटा. भारतात या गोष्टीचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण तीन पिढ्या वाटणी केली नाही तर काय होते, ते एक-चौदाच्या उताऱ्यावर पाहावे. वाड्यातल्या साडेतीनशे मीटर जागेचा उतारा काढला की कब्जेदाराच्या रकान्यात आजोबांचे नाव, त्यांना जाऊन तीस-चाळीस वर्षे झालेली. खाली फेरफाराने चढलेली आठ-दहा नावे. शेवटी इतर हक्कात एखादा मुंडकार. वारसांपैकी दोघे मुंबईला, एक पुण्यात, एक आखातात, एकीचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. विक्रीपत्रावर या सर्वांच्या सह्या हव्यात, आणि लग्नाने मालमत्ता सामाईक झालेली असल्यामुळे त्यांच्या जोडीदारांच्याही. एक रुसला की इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांतल्या वाटणीचा, दावा आणि कोर्टाच्या तारखा. 2012 चा वारसा आणि इन्व्हेंटरी कायदा 2016 मध्ये अमलात आला, मराठी-कोकणी माणसाला पोर्तुगीज कलमांतून थोडी सुटका मिळाली. भांडणे काही कमी झाली नाहीत.

अशा जागेला कुठलाही बिल्डर हात लावत नाही, आणि त्याचे बरोबरच आहे. त्याला डोंगराकडेला एका मालकाची पन्नास हजार मीटर जमीन एका सहीत मिळत असेल, तर तो वाड्यातल्या साडेतीनशे मीटरसाठी वीस सह्या का गोळा करील? झोन बदलला की पुढची फाइल पळते. गोव्याच्या डोंगरांवर जे उभे राहते आहे त्यामागे हाव तर आहेच. पण वाड्यातल्या जमिनीचा गुंता सोडवण्यापेक्षा डोंगराचा रंग बदलणे सोपे करून ठेवले आहे, हे त्याहून मोठे कारण आहे.

डिचोली तालुक्यातले मये गाव या गुंत्याचे टोक दाखवते. गावातली बहुतेक जमीन एका पोर्तुगीज सरदार घराण्याची. मुक्तीनंतर मालक निघून गेले आणि जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. मयेकर पिढ्यान् पिढ्या तिथे घरे करून राहिले, शेती केली, कर भरले. पण घराखालची जमीन त्यांची नव्हती. आंदोलने झाली, निवडणुकांत आश्वासने झाली, शेवटी 2014 मध्ये विधानसभेने कायदा केला आणि त्याखाली सनदा वाटण्याचे काम सुरू झाले. पन्नासहून अधिक वर्षे एका गावाला कायदेशीर माडी चढवता येत नव्हती, आणि तरीही माणसे वाढतच होती. ती वाढलेली माणसे कशी राहिली? विनापरवाना खोल्या काढून. गोव्यात ज्याला बेकायदा बांधकाम म्हणतात त्यातला मोठा भाग हा असा आहे, आणि 'म्हजें घर' योजनेखाली 2025 मध्ये सरकार जे नियमित करायला निघाले ते बरेचसे याच गुंत्याचे फळ आहे. नियमित करताना मात्र वाड्यातली मुंडकाराची खोली आणि रस्त्याकडेला शेत बुजवून काढलेला गाळा यांना एका मापाने मोजण्याचा धोका आहे.

मये-लामगाव-मुळगाव-शिरगाव या पट्ट्याला आणखी एक अडचण आहे. डिसेंबर 2022 मध्ये लिलाव झालेला डिचोलीचा खाण ब्लॉक-1 सुमारे 478 हेक्टरांचा आहे आणि त्याच्या हद्दीत घरे, देवळे, शेते येतात. वस्ती लीजमधून वगळा, ही मुळगावकरांची मागणी आहे. घर खाणीच्या हद्दीत असताना त्यावर मजला चढवायला कुठली बँक कर्ज देईल? त्या गावांत इनफिलची भाषा करण्याआधी ही हद्द मागे सरकायला हवी.

पाण्याचे काय, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत पहिला येतो आणि तो टाळता येत नाही. पेडण्याची बरीच मदार चांदेलच्या 15 एमएलडी प्रकल्पावर आणि तिळारीच्या पाण्यावर. तिळारीचा कालवा फुटला की नळ कोरडे. सांडपाण्याची वाहिनी या दोन्ही तालुक्यांत नाही. प्रत्येक घरामागे सेप्टिक टँक आणि सोकपिट, आणि त्यापासून थोड्या अंतरावर विहीर. जांभ्या दगडातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. चार बिऱ्हाडांचे सांडपाणी एका सोकपिटात सोडले तर शेजाऱ्याच्या विहिरीची वाट लागणार. म्हणून चार किंवा त्याहून जास्त घरांना छोटे सांडपाणी शुद्धीकरण संयंत्र सक्तीचे करावे, किंवा वाड्याने मिळून एक उभारावे आणि पंचायतीने चालवावे. डिचोली आणि साखळीत पुराची भर: वाळवंटी आणि डिचोली नदी बाजारात शिरतात हे दर काही पावसाळ्यांनी दिसते. तिथे नदीकाठच्या रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवाव्यात. तरी एक गोष्ट विसरू नये. तेवढीच घरे डोंगरावर बांधली तर त्यांना पाणी लागेलच, वर रस्ता आणि पंपिंगही लागेल, आणि डोंगराने भरून ठेवायचे पाणी ओहोळाने वाहून जाईल.

परदेशांत हा प्रयोग कसा झाला? अमेरिकेतल्या मिनियापोलिसने 2018 मध्ये ठरवले की एका कुटुंबाच्या प्लॉटवर तीन घरे बांधता येतील. गाजावाजा खूप झाला; प्रत्यक्षात तीन घरांच्या इमारती थोड्याच उभ्या राहिल्या, आणि वाढ झाली ती मोठ्या रस्त्यांलगतच्या इमारतींत आणि पार्किंगची सक्ती काढल्यामुळे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने 2016 मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरांना मुभा दिली आणि पाच-सहा वर्षांत बांधकाम परवाने दुपटीवर गेले. दोन्हीकडे जमिनीचे मालक निश्चित होते आणि गटार होते. गोव्यासाठी जास्त जवळचा धडा इंग्लंडमधल्या सेंट आइव्हज या समुद्रकाठच्या गावाचा आहे. सेकंड होमना कंटाळून गावाने 2016 मध्ये मतदान घेतले आणि नवी घरे फक्त बारमाही राहणाऱ्यांसाठी, असा नियम केला. परिणामी नवे बांधकाम मंदावले आणि बाहेरच्यांची मागणी जुन्या घरांकडे वळली. गोव्यात अशी बंदी घालणे तर आणखी कठीण. विशेष दर्जाची मागणी अनेक वर्षे होते आहे, पण राज्यघटनेतले गोव्याचे 371-आय हे कलम विधानसभेत किमान तीस सदस्य असावेत एवढेच सांगते; जमिनीबद्दल त्यात अक्षर नाही.

छोट्या तुकड्यांवर दाट पण बुटकी वस्ती कशी असते, हे पाहायला मात्र परदेशी जायला नको. नवी मुंबईतल्या बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज पाहावी. 1980 च्या दशकात चार्ल्स कोरिया यांनी केलेली ही वसाहत: 45 ते 75 चौरस मीटरचे प्लॉट, आठ मीटरच्या चौकाभोवती सात घरे, प्रत्येकाला स्वतःची भिंत आणि पुढे वाढवायला जागा. लिफ्ट नाही, मजले दोनच. पुढे लोकांनी त्यात मनासारखे बदल केले, काही घरे ओळखू येत नाहीत, पण दाटी आणि माणसाचे माप यांचे जमते हे तिथे कळते. गोव्याच्या आराखड्यावर काम केलेल्या माणसाचे हे काम गोव्याच्या वाड्यांसाठी कुणी वापरले नाही, याचे नवल वाटते. उलट उदाहरण पुण्याच्या पेठांचे. तिथे वाडे पाडून इमारती झाल्या, भाडेकरूंना हक्काची घरे मिळाली हे खरे. पण चौक गेले, विहिरी बुजल्या आणि गल्ल्यांत दुचाकींना पाय ठेवायला जागा उरली नाही. गोव्यात मुभा देताना परसू, विहीर आणि जुनी झाडे राखण्याची अट आधीच घालावी लागेल.

लोकांचा विरोध समजून घ्यायला हवा. बहुमजली, फ्लॅट, मल्टी-फॅमिली हे शब्द ऐकले की पेडण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे सांकवाळ येते, जिथे 2024 मध्ये शेकडो फ्लॅटांच्या प्रकल्पाविरुद्ध गाव उठले. किंवा कारापूरकडचे मोठे प्लॉटिंग. दोनशे घरांच्या गावात पाचशे कुलूपबंद फ्लॅट, ही भीती खोटी नाही. पण त्या भीतीपोटी चार बिऱ्हाडांच्या घरालाही त्याच पंगतीत बसवले, तर नुकसान गावच्याच पोराचे होते. त्याला एकतर बाहेरगावी जावे लागते, नाहीतर भाट विकून मिळालेल्या पैशांतून दुसऱ्या गावात फ्लॅट घ्यावा लागतो. सावंतवाडी-दोडामार्गची पोरे रोज दुचाकीने हद्द ओलांडून गोव्यात कामाला येतात. उद्या पेडण्याची पोरे तिकडे घर करून इकडे कामाला येतील.

तेव्हा करायचे काय? एफएआर वाढवू नये. सेटलमेंटची हद्द वाढवू नये. आहे त्या हद्दीत, ठरावीक मापापर्यंतच्या तुकड्यांवर, सहा घरांपर्यंतच्या इमारतींसाठी सेटबॅक, रस्ता आणि पार्किंगचे नियम सैल करावेत. मुंडकारांचे खटले मुदतीत निकाली काढायला तालुक्यागणिक स्वतंत्र मामलेदार द्यावा. सामाईक जागेत बहुसंख्य वारस राजी असतील आणि उरलेल्यांचा वाटा कोर्टात जमा होत असेल, तर बांधकामाला परवानगी मिळावी अशी तरतूद करावी. वारसा कायद्यात एवढी दुरुस्ती विधानसभा करू शकते, दर अधिवेशनात नगरनियोजनाची कलमे बदलणे तिला जमतेच. आठ घरांपर्यंतच्या प्रकल्पांना रेराची नोंदणी लागत नाही, म्हणून तिथे घेणाऱ्याला वाली नाही. पालिकेने किंवा पंचायतीने किमान करारनामा तरी नोंदवून घ्यावा. आणि कुलूपबंद घराला चढी घरपट्टी लावावी. हे शेवटचे कुणालाच आवडणार नाही, गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना तर नाहीच.

या सगळ्याआधीचे पहिले पाऊल मात्र सरकारवर अवलंबून नाही. पंचायतीकडे घरपट्टीचे रजिस्टर आहे, तलाठ्याकडे सर्व्हे प्लॅन आहे. पुढच्या ग्रामसभेत वाड्यावाड्यातल्या बंद घरांची, पडक्या घरांची आणि सेटलमेंटमधल्या रिकाम्या तुकड्यांची यादी मागावी. पेडण्याच्या, डिचोलीच्या आणि साखळीच्या नगरसेवकांनी तीच यादी आपापल्या प्रभागापुरती करावी. पुढचा झोनिंग प्लॅन येईल तेव्हा ती हातात असली पाहिजे. 2023 मध्ये ती कुणाकडेच नव्हती.